मी साफ केलेलं रान

६ मार्च

आज मी बाईंना रडवलं. उलट बोललो नाही, काही फोडलं नाही. काम केलं, तेही जीव तोडून.

वही नवी आहे म्हणून आधीचं थोडं लिहून ठेवतो. या शाळेत लागून मला तीन आठवडे झाले. नळ गळला तर मी, दिवा गेला तर मी, बाकाचा पाय मोडला तर मी. शाळा म्हणजे एका उंच इमारतीचे खालचे दोन मजले, आणि वरची गच्ची. मागं साठ पावलं लांब, चाळीस पावलं रुंद जागा, चहूबाजूंनी भिंत आणि आत वर्षानुवर्षं माजलेलं रान. काटेरी झुडपं, वेली, एक डबकं, एक वारूळ. मुलांना तिकडं जायची बंदी. दुसरीच्या बाई वर्षभर मोठ्या मॅडमच्या मागं लागलेल्या की पोरांना तिथं सोडा, त्यांना माती कळू दे, किडा कळू दे. शेवटी मॅडम हो म्हणाल्या. मला बोलावून सांगितलं, "सोमवारपासून मुलं मागच्या जागेत जाणार. जागा नीट करून ठेव."

मी नीट केली. चार दिवस कोयता, कुदळ, फावडं. झुडपं मुळासकट काढली. वेली ओढून काढल्या. वारूळ फोडलं. डबक्यात खडी टाकून ते बुजवलं. दोन टेम्पो भरून कचरा गेला. मग खराटा मारला. जागा तळहातासारखी झाली. मी दारात उभा राहिलो, शाबासकी घ्यायला.

बाई आल्या, बघितलं आणि पायरीवर बसल्या.

"दादा, इथलं सगळं कुठं गेलं?"

"टेम्पोत."

त्या हसायला लागल्या. मग कळलं की हसत नाहीत.

मला काय ठाऊक? आमच्याकडं पाहुणे येणार म्हटलं की अंगण झाडायचं. रान दाखवायला कुणी कुणाला बोलावतं का? रानातून पळून तर मी इथवर आलो.

थोड्या वेळानं बाईंनी डोळे पुसले आणि पिशवीतून ही वही काढली. मुलांसाठी आणल्या होत्या, त्यातली उरलेली. म्हणाल्या, "आता जे जे परत येईल ते रोज यात लिहा."

म्हटलं, "बाई, मी सहावी नापास."

"मी काय परीक्षा घेतेय?"

म्हणून पुढच्या पानांवर बाईंसाठी लिहायचं आणि मागच्या पानांवर हे, माझ्यासाठी. पुढचं पान आज कोरं आहे. काहीच आलेलं नाही.

९ मार्च

बावीस पोरं मागच्या दारात उभी राहिली आणि पुढं येईनात. एकानं विचारलं, "इथं करायचं काय?" हा पोरगा प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो, म्हणून मी त्याचं नाव वकील ठेवलंय. बाई म्हणाल्या, "काही नाही करायचं." तो म्हणाला, "मग आत बसून पण काही नाही करता येतं."

शेवटी उतरली. मला हसू आवरेना. फरशीवर तुरुतुरु पळणारी पोरं ढेकळावर आली आणि डुगडुगायला लागली. तिघं तर चालता चालता पडली. पाय टाकायच्या आधी जमीन बघावी लागते हे त्यांच्या पायांना माहीतच नव्हतं. रडली कुणी नाही. पडलेली जागा वाकून बघत होती, जणू तिनंच पायात पाय घातला.

मग एकीला मुंग्यांची रांग दिसली. हिला मी प्रश्नपेटी म्हणतो. बावीसच्या बावीस त्या रांगेभोवती बसली. मला वाटलं, दोन मिनिटं. मी नळाचा वायसर बदलून आलो तरी तिथंच. घंटा झाली तरी तिथंच. मुंगी मेलेली माशी ओढत होती आणि ही पोरं श्वास धरून बसली होती. माशी बिळात गेली तेव्हा सगळ्यांनी मिळून हुश्श केलं.

पुढच्या पानावर लिहिलं: मुंग्या.

१२ मार्च

प्रश्नपेटीनं गांडूळ धरून आणलं. "दादा, याचं डोकं कुठल्या बाजूला?"

म्हटलं, "बाईंना विचार."

"बाई म्हणाल्या, दादांना विचार, दादा रानातले आहेत."

मी ते हातावर घेतलं. कुदळीखाली मी हजारानं गांडुळं तोडली असतील. डोकं कुठं, हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. दोघं उन्हात बसून राहिलो. ते आधी आखडलं, मग एका बाजूनं लांब होऊन बोटांच्या फटीत शिरायला बघायला लागलं. प्रश्नपेटी म्हणाली, "जिकडून शोधतंय तिकडं डोकं." एवढं सरळ होतं. मी तेवीस वर्षांचा आहे.

१५ मार्च, रविवार

ताईचा फोन. भाची दिवसभर मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसते म्हणाली. जेवायला हाक मारली तरी मान वर नाही.

म्हटलं, "बाहेर पिटाळ की. ओढा आहे, टेकडी आहे."

"तू मला शिकवतोस? ओढा आणि टेकडी टाकून पहिला कोण पळाला?"

मग तिनं विचारलं, "तिथं काम काय करतोस?"

"पोरांना मुंग्या दाखवतो."

ताई बराच वेळ हसली. "मामाच्या शेळ्या राखताना रडायचास. आता शहरातल्या शेळ्या राखतोस होय."

गोदामातल्या मित्राचाही फोन होता. पहिल्या तारखेपासून त्याच्याकडं जागा आहे, मोठ्या शहरात. येतो म्हणून सांगितलं. चार महिन्यांच्या वर मी कुठंच टिकलेलो नाही. ताई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे.

१८ मार्च

मॅडमनी ऑफिसात बोलावलं. त्यांच्या खिडकीचा पडदा कायम ओढलेला असतो, आज बाजूला होता. "किती सपाट झालंय रे," म्हणाल्या. "आधी जंगल होतं, गालिचावाला आत पाय ठेवायला तयार नव्हता. परवा बघून गेला. म्हणाला, अशी जागा असेल तर दोन दिवसांत होईल. तुझ्यामुळं झालं."

त्यांनी मला कागद दाखवला. हिरवं प्लास्टिकचं गवत, भिंतीपासून भिंतीपर्यंत. खाली सिमेंट. वीस एप्रिलला माणसं येणार.

मी खूश होऊन खाली आलो आणि स्वयंपाकघरातल्या मावशींना सांगितलं. मावशी पातेलं घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "लेका, तू मैदान नाही साफ केलंस. त्या गालिच्याचं अंथरूण घातलंस."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. झुडपं असती तर गालिचावाला आलाच नसता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईंना मॅडमनी आधीच सांगितलं होतं. बाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ मार्च

पुढच्या पानावर आतापर्यंत: मुंग्या, गांडूळ, दोन जातीचे कोळी, नाकतोडा, पांढरं फुलपाखरू, कोपऱ्यात हरळीची पाच पाती. मी एवढं खणून काढलं तरी हरळी खालून आली. चिवट आहे.

आज बाई म्हणाल्या, "दादा, मुलं फार दंगा करतात, पाखरू उतरतच नाही. काही युक्ती?"

युक्ती कसली. शेळ्या राखताना आम्ही दगड व्हायचो. बसायचं, पाठ टेकायची, मान हलवायची नाही, डोळेच फिरवायचे. श्वास नाकानं, बारीक. रान आधी घाबरतं, मग विसरतं. विसरलं की बाहेर येतं. हे मी पोरांना जसं येईल तसं सांगितलं.

वकील म्हणाला, "दगडाला खाज सुटते का?"

म्हटलं, "सुटते. पण त्याला हात नसतात."

पहिल्यांदा कुणी पन्नास आकडेसुद्धा टिकलं नाही. चौथ्या खेपेला सगळी दगड झाली. बावीस पोरं, बाई आणि मी. आधी वरच्या मजल्यावरचा पंखा ऐकू आला. मग लांब कुठंतरी कुत्रं. मग भिंतीवर खार आली, खाली उतरली आणि एका पोराच्या बुटाजवळून गेली. त्याचे डोळे असे मोठे झाले की मला वाटलं बाहेर पडतील. पण हलला नाही. खार गेल्यावरही कुणी बोललं नाही. ते देवळात कसं होतं, तसं झालं होतं, आणि तिथं देऊळ नव्हतं.

२७ मार्च

आज एक गोष्ट झाली. सावकाश लिहितो.

गेले तीन दिवस टिटव्यांची जोडी भिंतीवर येऊन बसत होती. उंच पिवळे पाय, डोळ्यापुढं लाल, आवाज असा की कानठळ्या. मला वाटलं वाट चुकल्या. आज प्रश्नपेटी डबक्याच्या जागेवरून, म्हणजे मी खडी टाकली तिथून, चालली होती. टिटवी तिच्या डोक्यावरून इतक्या जवळून गेली की केस उडाले. मी ओरडलो, "पाय उचलू नकोस." ती थांबली. तिच्या पायापासून वीतभर अंतरावर अंडं होतं.

मला आधी दिसलंच नाही, ती बोट दाखवत असूनही. खडीचा रंग तोच अंड्याचा रंग. तेच काळे ठिपके, तोच मळकटपणा. घरटं नाहीच, नुसती खडीतली खोलगट जागा. बघत राहिलं की अंडं, डोळा मिटून उघडला की खडा.

प्रश्नपेटी एक पाय मागं नेत हळू म्हणाली, "दादा, तिनं इथं का घातलं? इथं तर काहीच नाही."

मी म्हटलं, "तिला काहीच नसलेलीच जागा लागते. आडोसा असला तर ती बसत नाही. चहूकडचं दिसायला पाहिजे."

बोलून गेलो आणि मग मलाच ऐकू आलं.

१ एप्रिल

चौथं अंडं. बाईंना पळत जाऊन सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आज एक एप्रिल आहे, दादा, मी फसणार नाही." ओढून न्यावं लागलं. चार अंडी, टोकं आत करून, जशी चार माणसं डोकं एकत्र करून बोलतात.

बाईंनी विचारलं, "फुटायला किती दिवस?"

रानातला हिशेब सांगितला, चार आठवडे, एखादा दिवस इकडं तिकडं. त्यांनी बोटांवर मोजलं. मीही. एकोणतीस-तीस एप्रिल. गालिचा वीसला.

मित्राला सांगितलं, महिनाभर थांब. तो म्हणाला, "असं काय आहे तिथं?" म्हटलं, "अंडी आहेत." त्यानं फोन ठेवला.

७ एप्रिल

पोरांनी स्वतःच कायदा केला. मी नाही, बाईंनीही नाही. अंड्यांपासून वीस पावलांवर गोट्यांची रेघ, तिच्या आत कुणी नाही. दोघंदोघं पाळीनं दगड होऊन बसतात आणि बघितलेलं आपापल्या वहीत लिहितात. नव्या पांढऱ्या बुटांना माती लागली की जी रडायची, ती आज मातीत मांडी घालून बसली होती. तिची आई न्यायला आली तर पोरगी म्हणते, "माझी पाळी संपलेली नाही." आई माझ्याकडं अशी बघत होती की मीच पोरगी पळवली.

आम्ही टिटवीसाठी परातीत पाणी ठेवलंय. ती पीत नाही.

१३ एप्रिल

ऊन फार वाढलंय. खडीवर हात ठेवला तर चटका बसला. मला धास्ती की अंडी भाजतील. झाकणार कशानं? झाकलं तर ती अंड्यांवर यायचीच नाही.

दुपारी वकील आणि मी बसलो होतो. टिटवी उठली, चालत परातीपाशी गेली. म्हटलं, आली बाई प्यायला. ती पाण्यात बसली. अख्खी. पोट बुडवलं, पिसं फुलवली, इकडून तिकडं डोलली. वकील कुजबुजला, "अंघोळ करतेय. पोरं उन्हात आणि ही अंघोळ करतेय."

मग ती उठली. उडाली नाही. पोटाखालून पाणी गळत होतं, एकेक पाऊल टाकत, सांडू नये म्हणून जशी बाई भरली घागर घेऊन चालते, तशी गेली. आणि ओलं पोट अंड्यांवर टेकून बसली.

वकील बोलला नाही. तो पोरगा, बोलला नाही.

मी लहानपणी टिटव्यांना दगड मारलेत. ओरडून शेळ्या बुजवतात म्हणून. सहा-सात वर्षं मी रानात होतो. तेव्हाही त्या हे करत असणार, माझ्यासमोर, रोज. मी कुठं बघत होतो?

ती तीन वेळा गेली आणि आली. बाई, मावशी, सगळा वर्ग येऊन उभा राहिला. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "आपल्याला उगाच वाटतं आपणच आया."

१५ एप्रिल

धीर करून मॅडमकडं गेलो. म्हटलं, गालिचा दहा दिवस पुढं ढकला. अंडी आहेत.

मला वाटलं ओरडतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "बस." मी कधी त्या खुर्चीत बसलो नव्हतो.

"दोन वर्षांपूर्वी जिन्यात एक मुलगी पडली. मनगट मोडलं. तिचे वडील इथं, तू बसलास तिथं, दोन तास बसले होते. ओरडले नाहीत रे. ओरडले असते तर मी विसरले असते. नुसते विचारत होते, मी तुमच्याकडं दिली होती ना? आता मागच्या जागेत दगड आहेत, काटे आहेत, उद्या साप निघेल. गवत मऊ असतं. पडलं तरी लागत नाही."

मी म्हटलं, "मॅडम, पहिल्या दिवशी तिघं पडली होती. आता कुणी पडत नाही."

"म्हणजे?"

"त्यांचे पाय बघायला शिकले."

मग चष्मा घालून म्हणाल्या, "माणसं ठरलेली आहेत. माल कापून झालाय. जा."

ताईचा फोन आला तेव्हा माझा आवाज पडलेला. तिनं फोन भाचीला दिला. तिला टिटवीची गोष्ट सांगितली, पाण्याची. ती म्हणाली, "मामा, खोटं." म्हटलं, "ओढ्याकाठी जाऊन दगड होऊन बस आणि बघ."

२० एप्रिल

गालिच्याच्या सात गुंडाळ्या, सिमेंटच्या गोण्या आणि चार माणसं. सकाळी नऊलाच. गालिचावाला हसतमुख माणूस, त्याचा काय दोष. त्यानं फीत धरली आणि मोजत आत निघाला. पोरं गोट्यांच्या रेघेवर ओळीनं उभी राहिली. घोषणा नाही, काही नाही. नुसती उभी. तो म्हणाला, "बाळांनो, बाजूला व्हा." वकील म्हणाला, "ही हद्द आहे."

कुणीतरी मॅडमना बोलावलं. मी इथं लागल्यापासून मॅडम मागच्या दाराच्या पायरीखाली उतरलेल्या बघितल्या नव्हत्या. आज तरातरा आल्या, पोरांच्या रांगेतून आत घुसल्या. "कुठंय ती अंडी?"

टिटवी उठली. आणि पडली. एक पंख लोळत होता, मोडल्यासारखा. ती फरपटत मॅडमच्या पुढून चालली, अर्धी कलंडून, केविलवाणी ओरडत.

मॅडम जागच्या जागी बदलल्या. "अरे, हिला लागलंय. कुणी मारलं हिला?" आणि वाकून तिच्या मागं. टिटवी दोन हात पुढं. मॅडम दोन हात पुढं. "थांब गं, थांब, काही करत नाही." साडीचा काठ मातीत, हात पुढं पसरलेले. अख्खी जागा ओलांडून त्या पार पलीकडच्या भिंतीपाशी गेल्या. आता हातात येणार, तेवढ्यात टिटवीनं दोन्ही पंख उघडले आणि त्यांच्या डोक्यावरून भिर्र उडून गेली. ठणठणीत.

कुणी हसलं नाही. प्रश्नपेटी म्हणाली, "मॅडम, ती नाटक करते. तुम्हाला अंड्यांपासून लांब न्यायला. आम्हाला पण नेलं होतं."

मॅडम भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. धाप लागलेली. मागं वळून त्यांनी बघितलं, आपण केवढं अंतर आलो ते. आणि पलीकडं टिटवी चालत जाऊन अंड्यांवर बसत होती. मला वाटलं आता ओरडतील.

परत आल्या. गालिचावाल्याला म्हणाल्या, "माल भिंतीकडंला ठेवा. मी कळवते." मग माझ्याकडं वळून, "अंडी फुटली की त्याच दिवशी मला सांगायचं. काम मग सुरू."

पोरांना सुटल्यासारखं वाटलं. मला नाही. म्हणजे अंडी आहेत तोवरच जागा आहे.

२६ एप्रिल, रविवार

भाची फोनवर आली तर मागं वाऱ्याचा आवाज. ती बाहेरूनच बोलत होती. म्हणे ओढ्यावर टिटवी नाही दिसली, पण खंड्या दिसला, आणि तिनं चारशेपर्यंत मोजलं तरी ती हलली नाही. मग ताई फोन ओढून म्हणाली, "तुझ्यामुळं पोरगी उन्हात काळी होतेय." रागावलेली वाटली नाही.

३० एप्रिल

फुटली. सकाळी साडेसात ते अकरा, चारही.

कसं लिहू. खडा हलला. दुसरं काही म्हणता येत नाही. खड्याला तडा गेला, त्यातून चोच, मग ओली लडबडलेली माती बाहेर पडली आणि तिला डोळे होते. दुपारपर्यंत ती माती वाळून फुलली आणि उभी राहिली. काडीसारखे पाय, वर कापसाचा गोळा. आणि चालायला लागली. जन्मून चार तास नाही झाले. भरवायला नको, शिकवायला नको. चोचीनं स्वतःच टिपायला लागली. टिटवीनं एक वेगळी हाक दिली की चारही जिथं असतील तिथं मातीत दबून जातात. आपण डोळ्यांदेखत बघत असतो आणि नाहीशी.

बाई रडत होत्या. या वेळी मला बरं वाटलं.

मग संध्याकाळी वही उघडली. पुढच्या पानावर लिहायचं होतं: अंडी फुटली. गालिचा थांबल्यापासून ते पान बाईंच्या सहीनं मॅडमच्या टेबलावर जातं. मी लिहिलं: टिटवी बसलेली आहे.

४ मे

पाच दिवस तेच लिहितोय. बाई पान बघतात, खाली सही करतात, माझ्याकडं बघत नाहीत. पोरांचं मला कळेना, बावीस तोंडं कशी बंद. वकिलाला विचारलं. म्हणाला, "आम्ही खोटं बोलणार नाही. पण कुणी विचारलं तरच सांगायचं, असं ठरलंय." मी त्याच्याइतकाही सरळ राहिलो नाही. गुंडाळ्या भिंतीशी उभ्या आहेत. जाता-येता दिसतात.

एक पिल्लू परवापासून लंगडतंय. उजवा पाय.

५ मे

सकाळी मॅडमनी बोलावलं. समोर वही उघडी. टिटवी बसलेली आहे, टिटवी बसलेली आहे, पाच ओळी, माझं वेडंवाकडं अक्षर.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"बरं." त्यांनी वही मिटली. "रोज सकाळी पावणेआठला माझ्या खिडकीखालून चार पिल्लं जातात. आज तीनच गेली. लंगडं कुठंय?"

मी खिडकीकडं वळलो. तेव्हा बघितलं, पडदा नव्हताच. काढून घडी करून कपाटावर ठेवला होता.

"बघतोस काय? चल."

माझ्यापुढं जिना उतरत त्या मागं न बघता म्हणाल्या, "त्या गुंडाळ्या गच्चीवर न्यायला दोन माणसं बघून ठेव. तिथं टाकू. तिथली फरशी तापते." पुढच्या पायरीवर म्हणाल्या, "आणि परत असं लिहिलंस तर बघ."

मागं सगळा वर्ग होता. मॅडमनी विचारलं, "चौथं कुणी बघितलं?" कुणीच नाही. मी भिंतीकडून, बाई कोपऱ्यातून, पोरं मधून, सगळे खाली बघत निघालो. प्रश्नपेटी मॅडमच्या शेजारी होती. मॅडमनी तिला हळूच विचारलं, "त्याचं लंगडणं खरंय, की आईसारखं?" ती म्हणाली, "खरंय. लहानांना नाटक येत नसतं."

तेवढ्यात टिटवी आमच्या डोक्यावर ओरडली, ती दबून राहायची हाक. सगळे जागच्या जागी थांबले. मी मॅडमजवळ पोचलो होतो. त्यांचा एक पाय वर होता, टाकायच्या बेतात. म्हटलं, "मॅडम, टाकू नका." पिल्लू कुठंही असू शकत होतं. चपलेखाली असू शकत होतं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. बावीस पोरं, बाई, दारात मावशी. कुणाच्या श्वासाचाही आवाज नाही. टिटवी लांब खडीवर उतरली. मान वर करून तिनं चहूकडं बघितलं, आम्हाला सगळ्यांना, एकेकाला. आणि मग बारीक, घशातल्या घशात, दुसरी हाक दिली.

मॅडमच्या उचललेल्या पायाखाली कुणाच्यातरी टाचेचा जुना खळगा होता. त्या खळग्यातली चिमूटभर माती उठून उभी राहिली आणि लंगडत चालायला लागली.

ते आईपाशी पोचून तिच्या पोटाखाली शिरेपर्यंत मॅडम माझा खांदा घट्ट धरून एका पायावर उभ्या होत्या. शिरल्यावरही त्यांनी पाय लगेच खाली ठेवला नाही. आधी वाकून जमीन बघितली.